तासाची सरासरी आणि पाच मिनिटांचं ऊन

डेलाइट सिम्युलेशनमध्ये, म्हणजे खोलीत येणाऱ्या नैसर्गिक उजेडाचं संगणकावर गणित करताना, हवामानाची फाईल म्हटलं की ८७६० ओळी, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक तासाला एक, हे आपण गृहीत धरूनच बसतो. ईपीडब्ल्यू या प्रचलित स्वरूपातली हवामानाची फाईल तशीच येते आणि बहुतेक साधनं तशीच मागतात. पण खोलीतला उजेड तासाच्या ठेक्यावर बदलत नाही. सप्टेंबरात पुण्याच्या आकाशात ढगांचे पुंजके सरकत असतात, तेव्हा दहा मिनिटांत टेबलावरचे लक्स (उजेडाचं एकक) चौपट होऊन परत उतरतात. तासाच्या सरासरीत ही सगळी चढउतार सपाट होते. त्यामुळे काही उत्तरांना काहीच फरक पडत नाही, तर काही उत्तरं ठराविक दिशेने चुकतात. कुठलं उत्तर कुठल्या गटात मोडतं, हे सिम्युलेशन चालवण्याआधी कागदावर ठरवता येतं. ते न ठरवता बारीक पायरीच्या डेटामागे लागणं म्हणजे हार्ड डिस्क भरण्याचा उद्योग.

सकाळी १० ते ११ चा एक तास घ्या. टेबलावर अर्धा तास ८०० लक्स आणि अर्धा तास २०० लक्स, म्हणजे सरासरी ५०० लक्स. दिवे ५०० लक्सवर ठेवलेले आहेत आणि डिमर आदर्श आहे असं समजा. तासाच्या फाईलप्रमाणे दिव्यांची गरज शून्य. प्रत्यक्षात ढगाच्या अर्ध्या तासात ३०० लक्स कमी पडतात, म्हणजे दिवे ६० टक्क्यांवर चालतात आणि तासाची सरासरी ३० टक्के होते. उन्हाच्या अर्ध्या तासात ३०० लक्स जास्तीचे मिळाले, पण ते साठवून ठेवता येत नाहीत. म्हणून आदर्श डिमिंगच्या गणितात तासाची सरासरी दिव्यांची वीज नेहमी कमीच दाखवते किंवा फार तर बरोबर दाखवते. जास्त कधीच दाखवत नाही.

आता त्याच तासाला यूडीआयच्या, म्हणजे उपयुक्त उजेड किती वेळ मिळतो या मोजमापाच्या, चाळणीतून काढा. भारताच्या ऊर्जा-संवर्धन इमारत संहितेत, ईसीबीसी २०१७ मध्ये, उपयुक्त उजेडाची मर्यादा १०० ते २००० लक्स आहे. २००, ५०० आणि ८०० हे तिन्ही आकडे तिच्या आत बसतात, त्यामुळे फरक शून्य. इतका रुंद पट्टा असल्यावर अनुपालनाच्या अहवालासाठी तासाची फाईल पुरते, हे माझं स्पष्ट मत. अपवाद खिडकीलगतच्या बिंदूंचा, कारण तिथे २००० ची वरची रेषा वारंवार ओलांडली जाते. एसडीए, म्हणजे जागेच्या किती भागाला पुरेसा वेळ ३०० लक्स मिळतात, अशा मोजमापात चूक दोन्हीकडे जाऊ शकते. सरासरी रेषेच्या वर असेल तर तो तास पूर्ण जमा होतो, खाली असेल तर पूर्ण वजा. वर्षभराच्या बेरजेत यातला बराच भाग एकमेकांना खाऊन टाकतो. आणि नुसते लक्स-तास मोजायचे असतील तर सरासरीने जवळजवळ काहीच बिघडत नाही.

म्हणजे बारीक पायरी खरोखर लागते ती दिव्यांच्या स्वयंचलित नियंत्रणाला, पडदे आणि ब्लाइंड्सच्या हालचालीला, ग्लेअरला (डोळे दिपवणाऱ्या उजेडाला) आणि थेट उन्हाच्या ठिपक्यांना. नियंत्रणात वेळेची दिरंगाई असेल, उदाहरणार्थ दहा मिनिटं सलग उजेड टिकला तरच दिवा बंद कर असा नियम असेल, तर सिम्युलेशनची पायरी त्या दिरंगाईपेक्षा लहान हवी. नाहीतर तो नियम मॉडेलमध्ये असूनही नसल्यासारखाच. डेसिम या डेलाइट सिम्युलेशनच्या साधनातलं लाइटस्विच मॉडेल पाच मिनिटांच्या पायरीवर बेतलेलं आहे ते याचसाठी.

थेट उन्हाचा मुद्दा वेगळा आहे, कारण त्यात ढगांचा संबंध नाही. निरभ्र जानेवारीतही तो लागू होतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, पण खिडकीच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो सूर्याचा दिगंश, म्हणजे क्षितिजावरची त्याची दिशा, आणि तो एकसारखा सरकत नाही. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ धरला, तर डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीच्या एका तासात दिगंश सुमारे २० अंश सरकतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तोच आकडा ४५ अंशांच्या घरात जातो. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य जवळपास डोक्यावरून जातो, तेव्हा तो काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेकडे उडी मारतो. आता दक्षिणेच्या भिंतीवर १५० मिलिमीटर अंतरावर ४५० मिलिमीटर खोल उभ्या फिन्स आहेत असं धरा. त्यांतून ऊन शिरू शकतं तो पट्टा दोन्ही बाजूंना साधारण १८ अंशांचा, म्हणजे एकूण ३७. विषुवदिनी मध्यान्हीला सूर्य हा पट्टा तासाच्या आत पार करतो. तासाला एकच नमुना घेतला तर तो पट्ट्याच्या मधोमध पडतो किंवा बाहेर. मधोमध पडला तर पूर्ण तास ऊन, बाहेर पडला तर पूर्ण तास सावली, आणि खरं काय ते दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. एएसईचे, म्हणजे अति थेट उन्हाच्या मोजमापाचे, २५० तास मोजताना सीमेवरच्या बिंदूंना हे भोवतं. मात्र याचा बाऊही नको. विषुवदिनी मध्यान्हीचा सूर्य पुण्यात ७१ अंशांवर असतो, त्यामुळे २.१ मीटर उंचीच्या खिडकीतून ऊन जमिनीवर जेमतेम पाऊण मीटर आत येतं. जाळी, फिन्स, छिद्रांचे पत्रे आणि पूर्व-पश्चिमेच्या खिडक्या असतील तिथे पाच-दहा मिनिटांची पायरी घ्या. साध्या छज्जाखालच्या उत्तरेच्या खिडकीसाठी जीव काढू नका.

आता डेटा कुठून आणायचा. भारतातल्या शहरांच्या ज्या ईपीडब्ल्यू फायली आपण वापरतो त्या तासाच्या आहेत आणि प्रातिनिधिक वर्षाच्या आहेत, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांतले महिने जोडून केलेल्या. मिनिटाचा मोजलेला डेटा हवा असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचं एसआरआरए हे सौर प्रारण मोजणाऱ्या स्थानकांचं जाळं आहे. ते २०११ पासून उभं राहिलं, पहिल्या टप्प्यात ५१ स्थानकांनिशी. बीएसआरएन या प्रारण मोजणाऱ्या जागतिक जाळ्यात भारतातली गांधीनगर, गुडगाव, हावडा आणि तिरुवल्लूर ही स्थानकं आहेत. उपग्रहावरून काढलेला डेटा अमेरिकेच्या एनएसआरडीबी या सौर प्रारणाच्या डेटाबेसमध्ये भारतासाठी १५ मिनिटांच्या पायरीचा आणि ४ किलोमीटरच्या चौकटीचा मिळतो. तो बहुतेक जागांसाठी हाताशी येतो खरा, पण त्याचा स्वभाव लक्षात ठेवा. चार किलोमीटरच्या चौकटीत ढगांच्या कडा पुसल्या जातात, आणि प्रत्येक नोंद म्हणजे त्या क्षणाच्या प्रतिमेवरून काढलेला अंदाज असतो. ती १५ मिनिटांची सरासरी नव्हे.

याहून फसवा प्रकार म्हणजे नावाला मिनिटाची असलेली फाईल. युरोपच्या कॅम्स सेवेचे एक मिनिटाचे आकडे १५ मिनिटांच्या प्रतिमांवरून अंतर्वेशन करून, म्हणजे मधले आकडे गणिताने भरून, काढलेले असतात. लेडीबग या साधनात ईपीडब्ल्यूवरून डब्ल्यूईए (रेडियन्स या उजेडाच्या सिम्युलेशनच्या साधनाला लागणारी हवामानाची फाईल) बनवताना टाइमस्टेप १२ दिलं तर १,०५,१२० ओळी मिळतात, पण दोन तासांच्या मधले आकडे सरळ रेषेने भरलेले असतात. सूर्याची जागा मात्र खरी पाच-पाच मिनिटांची येते. त्यामुळे फिन्स आणि जाळीच्या प्रश्नाला ही फाईल चालते. डिमिंगच्या प्रश्नाला ती निरुपयोगी, कारण ढगांची चढउतार तिच्यात मुळातच नाही. वरच्या उदाहरणातला ८०० आणि २०० चा तास तिथे ५०० च्या आसपासचा गुळगुळीत उतारच राहतो.

एनर्जीप्लस या इमारतीच्या ऊर्जेच्या सिम्युलेशनच्या साधनातही हाच घोळ होतो. तिथे तासात ६० पर्यंत टाइमस्टेप देता येतात, पण फाईल तासाची असेल तर मधलं सगळं अंतर्वेशन असतं. ईपीडब्ल्यूच्या शीर्षभागातल्या ‘डेटा पीरियड्स’ या ओळीत तासाला किती नोंदी आहेत ते लिहायची जागा आहे. पाच मिनिटांची फाईल असेल तर तिथे १२ लिहा आणि मॉडेलचा टाइमस्टेपही १२ ठेवा. शिवाय एनर्जीप्लसच्या आतलं डेलाइटिंगचं गणित निवडक दिवसांच्या तासातासाच्या सूर्यस्थानांवरून गुणांक काढून मधलं जुळवतं. म्हणून बारीक पायरीचं डेलाइट करायचं तर रेडियन्सच घ्यावं, हा माझा सरळ सल्ला.

मोजलेला डेटा मिळालाच नाही, तर तासाच्या आकड्यांवरून मिनिटांची मालिका रचायची सांख्यिकी पद्धत आहे. स्कार्टव्हाइट आणि ओल्सेथ यांचं १९९२ चं मॉडेल डेसिममध्ये सुधारून घातलेलं आहे. त्यातून मिळणारी चढउतार खऱ्यासारखी असते, पण ती यादृच्छिक असते. प्रत्येक वेळी मालिका वेगळी निघते, त्यामुळे एकाच मालिकेवरून दोन पर्यायांतला दोन टक्क्यांचा फरक सांगू नका. दोन्ही पर्यायांना एकच मालिका द्या, आणि मग वेगळ्या मालिकांवर तेच करून फरक टिकतो का ते पाहा.

मिनिटाचा डेटा हातात आला की पहिलं काम साफसफाईचं. फाईलमध्ये साधारणपणे तीन रकाने लागतात. डीएनआय म्हणजे सूर्याकडे तोंड करून मोजलेलं थेट ऊन, डीएचआय म्हणजे आकाशातून विखरून आडव्या पृष्ठावर येणारं, आणि जीएचआय म्हणजे आडव्या पृष्ठावरचं एकूण. तिघांचं नातं पक्कं आहे. डीएनआयला सूर्याच्या शिरोबिंदू-कोनाच्या (थेट डोक्यावरच्या बिंदूपासून मोजलेल्या कोनाच्या) कोसाइनने गुणून डीएचआय मिळवलं की जीएचआय यायला हवं. बीएसआरएनच्या चाचणीत हा कोन ७५ अंशांपेक्षा कमी असताना ८ टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे १५ टक्क्यांपर्यंत तफावत चालते, तीही बेरीज ५० वॅट प्रति चौरस मीटरच्या वर असेल तेव्हाच तपासायची. पण ही चाचणी पास झाली तरी सूर्यामागे फिरणारा ट्रॅकर चुकलेला असू शकतो. सावलीचा गोळा सेन्सरवरून सरकला की निरभ्र दुपारीही डीएचआय जीएचआयच्या जवळ जातं आणि डीएनआय कोसळतं, त्यामुळे बेरीज जुळतेच. असे तास ढगाळ समजून गेले तर आकाशातल्या उजेडाचं वाटप काढणारं पेरेझचं मॉडेल त्यावर बिनदिक्कत ढगाळ आकाश काढून देतं.

दुसरा सापळा कमी उंचीवरच्या सूर्याचा. फक्त जीएचआय आणि डीएचआय असतील तर डीएनआय काढायला कोसाइनने भागावं लागतं. सूर्योदयाच्या वेळी तो भाजक शून्याला टेकलेला असतो, आणि दोन-चार वॅटच्या मोजमापाच्या चुकीचे शेकडो वॅट होतात. पूर्वेच्या खिडकीत मग सकाळी सहा वाजता भलतंच ऊन दिसतं. सूर्य ३-४ अंशांच्या खाली असताना काढलेलं डीएनआय त्या वेळच्या निरभ्र आकाशाच्या कमाल आकड्यावर अडवून धरा.

तिसरी गोष्ट दिसायला चूक वाटते, पण चूक नसते. अर्धवट ढगाळ दिवशी एखाद्या मिनिटाला जीएचआय वातावरणाबाहेरच्या आकड्यालाही मागे टाकतं. थेट ऊन मोकळं असतं आणि ढगाच्या उजळ कडेवरून जास्तीचा प्रकाश येतो, त्याचा हा परिणाम. ‘अशक्य आहे’ म्हणून ही मिनिटं कापू नका. तासाच्या फाईलमध्ये ती कधी दिसत नाहीत म्हणूनच आपल्याला ती विचित्र वाटतात.

मग वेळ. सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि भारतात तर खासच, कारण आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. जागतिक वेळेतला तासाचा डेटा भारतीय वेळेत आणला की प्रत्येक तासाची हद्द साडेवर येते. ती गोल करून पुढच्या किंवा मागच्या तासाला चिकटवली की सूर्य साडेसात अंशांनी चुकतो. १५ मिनिटांच्या डेटाला ही अडचण नाही. बरोब्बर २२ ओळी सरकवल्या की झालं. बारीक पायरीचा हा फायदा कुणी मोजत नाही, पण तो खरा आहे. बीएसआरएनच्या फायली जागतिक वेळेतच असतात. ईपीडब्ल्यूमध्ये नोंदीवरची वेळ त्या अंतराच्या शेवटची असते, म्हणजे ‘तास १०’ म्हणजे ९ ते १०. प्रत्येक स्रोताची रीत वेगळी असते. लेबल अंतराच्या सुरुवातीचं, मधलं की शेवटचं, हे कागदपत्रात वाचा आणि शिवाय आकड्यांवरून तपासा.

तपासायची रीत सोपी आहे. हिवाळ्यातला एक निरभ्र दिवस घ्या, जीएचआयचा आलेख काढा आणि तो कुठल्या वेळेभोवती सममित आहे ते पाहा. पुण्याचं रेखांश ७३.८५ आणि प्रमाणवेळेचं ८२.५, म्हणजे फरक ८.६५ अंशांचा, वेळेत साधारण ३५ मिनिटं. म्हणून पुण्याची मध्यान्ह सरासरीने १२:३५ च्या आसपास असते. वर्षभरात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ पर्यंत मागे आणि फेब्रुवारीत १२:४९ पर्यंत पुढे जाते. आलेखाचा मध्य त्या दिवसाच्या अपेक्षित वेळेच्या अर्धा तास आधी आला तर नोंदींची वेळ अर्ध्या तासाने घसरलेली आहे. सकाळी सातच्या सुमारास आला तर फाईल जागतिक वेळेतच राहिली आहे.

एक मिनिटावरून पाच मिनिटांवर येताना डीएनआय आणि डीएचआयची सरासरी वेगवेगळी काढा. जीएचआयची सरासरी काढून तीवरून पुन्हा डीएनआय काढत बसू नका. पाचपैकी किमान चार मिनिटं ग्राह्य असतील तरच ती पायरी धरा. २९ फेब्रुवारी आली असेल तर वगळा, कारण पुढची साधनं ३६५ दिवसांचंच वर्ष मानतात.

रेडियन्सला लागणारी डब्ल्यूईए फाईल स्वतःच्या स्क्रिप्टने लिहिणं उत्तम. ईपीडब्ल्यूवरून ती बनवणारं नेहमीचं साधन तासाच्या मध्यावर येण्यासाठी अर्धा तास वजा करतं. पाच मिनिटांच्या फाईलमध्ये वजा व्हायला हवीत अडीच मिनिटं. शीर्षभागात सहा ओळी असतात. ठिकाण, अक्षांश, रेखांश, वेळेचा मध्यान्हवृत्त, उंची आणि एककाचा क्रमांक. पश्चिम रेखांश इथे धन धरतात, त्यामुळे पुण्यासाठी रेखांश उणे ७३.८५ आणि वेळेच्या ओळीत उणे ८२.५. तिथे ५.५ लिहिणारे बरेच सापडतात, आणि साधन कुठलीही तक्रार न करता भलत्याच जागचा सूर्य काढून देतं. पुढे प्रत्येक ओळीत महिना, दिवस, दशांश तास, डीएनआय आणि डीएचआय. ९:०० ते ९:०५ या अंतराला वेळ ९.०४२ लिहा. तीन दशांश पुरतात, त्यात चूक दोन सेकंदांच्याही आत राहते.

यावरून रेडियन्समधलं जेनडेएमटीएक्स हे साधन आकाशाचा मॅट्रिक्स, म्हणजे प्रत्येक वेळी आकाशाच्या प्रत्येक तुकड्याचा उजेड सांगणारा तक्ता, बनवतं. ‘-एम १’ दिलं तर आकाशाचे १४५ तुकडे, ‘-एम ४’ दिलं तर २३०५, आणि दोन्हींत जमिनीचा एक वेगळा. इथे पायरी आणि तुकडे यांचं प्रमाण जुळलं पाहिजे. ‘-एम १’ चा तुकडा साधारण १२ अंशांचा असतो आणि पाच मिनिटांत सूर्य फक्त सव्वा अंश सरकतो. शिवाय साधन सूर्याची ऊर्जा जवळच्या चार तुकड्यांत वाटून टाकतं. म्हणजे इतक्या भरड आकाशात पाच मिनिटांच्या पायरीने थेट उन्हाची अचूकता काही वाढत नाही, फक्त ढगांची चढउतार मिळते. उन्हाचे ठिपके हवे असतील तर थेट सूर्याचा भाग वेगळा काढा. पाच-टप्प्यांच्या पद्धतीत ‘-५’ वापरून सूर्य एकाच तुकड्यात ठेवतात, आणि सूर्यासाठी ‘-एम ६’ म्हणजे ५१८५ जागा, साधारण दोन अंशांवर एक, घेण्याची पद्धत आहे.

चांगली गोष्ट अशी की किरण सोडण्याचं खर्चिक काम एकदाच करावं लागतं. डेलाइट गुणांक, म्हणजे आकाशाच्या एकेका तुकड्याचा किती उजेड टेबलापर्यंत पोचतो ते आकडे, खोलीच्या भूमितीवर ठरतात, हवामानावर नाही. तासाचं आधी केलेलं असेल तर तेच गुणांक पाच मिनिटांच्या आकाशाला गुणा. वाढतो तो फक्त गुणाकार आणि जागा. ‘-एम ४’ चा आकाश-मॅट्रिक्स बायनरी फ्लोटमध्ये तासासाठी सुमारे २४० मेगाबाइट, पाच मिनिटांसाठी २.९ गिगाबाइट आणि मिनिटासाठी १४.५ गिगाबाइट होतो. हे बायनरी स्वरूप मिळण्यासाठी ‘-ओएफ’ विसरू नका. ‘-यू’ ने रात्रीच्या ओळी गळतात आणि आकार निम्म्यावर येतो, पण मग स्तंभाचा क्रमांक आणि घड्याळाची वेळ यांचं नातं तुटतं. कुठल्या ओळी राहिल्या त्याची यादी शेजारी जपून ठेवा. महिन्या-महिन्याने तुकडे पाडून गुणाकार केला तर साध्या लॅपटॉपवरही काम निभतं.

मिनिटापर्यंत जावं का? मी जात नाही, आणि कारण डिस्क नव्हे. पेरेझचं आकाश फक्त दोन आकड्यांवरून, म्हणजे डीएनआय आणि डीएचआयवरून, सूर्याभोवती सममित असं उजेडाचं वाटप काढतं. ढग पूर्वेला आहे की पश्चिमेला, हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे ठराविक मिनिटाला ठराविक खिडकीत काय उजेड होता हे मिनिटाच्या डेटानेही कळत नाही. कळते ती चढउताराची सांख्यिकी, आणि तिच्यासाठी पाच मिनिटं पुरेशी आहेत. मोजलेल्या खोलीशी सिम्युलेशनची मिनिटागणिक तुलना करून मॉडेल चुकीचं ठरवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

उरतो प्रश्न वर्षाचा. मोजलेला डेटा खऱ्या वर्षाचा असतो आणि त्या वर्षी पाऊसमान नेहमीचंच होतं असं नाही. म्हणून वार्षिक आकडा प्रातिनिधिक वर्षाच्या तासाच्या फाईलवरूनच द्यावा. खऱ्या वर्षाचा पाच मिनिटांचा डेटा आणि त्याच डेटाची तासाची सरासरी अशी दोन सिम्युलेशन चालवून दिव्यांच्या विजेचं गुणोत्तर महिन्यागणिक काढावं आणि ते प्रातिनिधिक वर्षाच्या त्या-त्या महिन्याच्या आकड्याला लावावं. जुलैच्या दाट ढगांत हे गुणोत्तर एकाच्या जवळ राहील, निरभ्र फेब्रुवारीतही तसंच. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना, तुटक ढगांच्या दिवसांत ते वर जाईल.

निकाल ऊर्जेच्या मॉडेलमध्ये न्यायचा तर पाच मिनिटांचे दिव्यांचे अंश एनर्जीप्लसमध्ये फाईलवरच्या शेड्यूलने द्या. ‘मिनिट्स पर आयटम’ मध्ये ५ लिहा, अंतर्वेशन ‘नो’ ठेवा आणि टाइमस्टेप १२. पाच लिहायचं राहिलं तर मूळचे ६० गृहीत धरले जातात आणि जानेवारी महिनाच वर्षभर ताणला जातो. फाईलमधल्या अंशांची बेरीज दिव्यांच्या वॅटने गुणून पाच मिनिटांच्या हिशोबाने युनिट काढा आणि मीटरच्या वार्षिक आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही दशांशापर्यंत जुळले पाहिजेत.